‘क्राउन’ हे क्रियापद रोजच्या इंग्रजीत कसं वापरायचं: सीमाभागातल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातली मराठी माध्यमाची मुलं एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा सांभाळतात. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, गेली की एकदम सगळंच इंग्रजीतून सुरू होतं. शब्द त्यांना येत नाहीत असं नाही. अडतं ते ओळखीचं नाम क्रियापद होऊन समोर आलं की. ‘क्राउन’ म्हणजे मुकुट हे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण हाच शब्द क्रिकेटच्या बातमीत, दाताच्या दवाखान्यात, बाळंतपणाच्या खोलीत आणि रस्त्याच्या आराखड्यात क्रियापद म्हणून भेटतो, तेव्हा ‘मुकुट घालणे’ एवढ्या एका अर्थावर निभावत नाही.

या क्रियापदाची किल्ली मुकुटात नाही, कळसात आहे, असं माझं ठाम मत आहे. देवळाचं बांधकाम वर्षानुवर्षं चालतं, शेवटी कळस चढतो. तो सगळ्यात वर असतो आणि सगळ्यात शेवटीही येतो. ‘क्राउन’च्या जवळजवळ प्रत्येक वापरात या दोन गोष्टींपैकी एक तरी असतेच: काहीतरी माथ्यावर बसतं किंवा काहीतरी पूर्ण होऊन टोकाला पोहोचतं. राजाच्या डोक्यावरचा मुकुट हा त्यातला एक प्रकार झाला. वाक्य वाचताना ‘इथे मुकुट कुठे आहे?’ असं शोधत बसू नका. ‘इथे वर काय बसलं, शेवटी काय आलं?’ असं विचारा.

शब्द मुळात लॅटिन ‘कोरोना’वरून, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये कोरोना म्हणजे डोक्यावर घालायची पानाफुलांची माळ, कडं. सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावर भोवती तसं कडं दिसतं म्हणून त्या विषाणूंना १९६८ मध्ये हेच नाव मिळालं. म्हणजे २०२० मध्ये घरोघरी पोहोचलेला शब्द आणि हा ‘क्राउन’ एकाच मुळाचे.

आधी कान आणि जीभ

स्पेलिंग सी-आर-ओ-डब्ल्यू-एन. ‘टाउन’, ‘डाउन’, ‘ब्राउन’ यांच्या चालीवर म्हणा. आपण मराठीत ‘क्राऊन’ असा दीर्घ ऊ लावून दोन तुकडे करतो. इंग्रजीत तो एकाच श्वासात, एकाच ठोक्यात जातो. ‘ग्रोन’ आणि ‘शोन’ यांचं स्पेलिंग असंच संपतं, पण उच्चार वेगळा, तेव्हा डोळ्यांवर विसंबू नका.

भूतकाळी रूप ‘क्राउन्ड’. त्यात ‘एड’ असा वेगळा ठोका नाही. ‘क्राउनेड’ म्हणणारी मुलं खूप आहेत, ती सवय आताच मोडा. आणि एक बारकावा ऐकण्याच्या परीक्षेसाठी: ‘क्राउन्ड किंग’ म्हणताना मधला ‘ड’ जवळजवळ गिळला जातो. कानाला ‘क्राउन किंग’ ऐकू येतं. लिहिताना मात्र तो ‘ड’ हवाच. अशा वेळी कानापेक्षा व्याकरणावर भरवसा ठेवा. आधी ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ ऐकू आलं असेल, तर पुढे ‘क्राउन्ड’च येणार.

याच गिळलेल्या ‘ड’मुळे दुसरा घोटाळा होतो. युवराजाला इंग्रजीत ‘क्राउन प्रिन्स’ म्हणतात. पुष्कळ जण ‘क्राउन्ड प्रिन्स’ लिहितात, ते चूक. युवराजाला अजून कुणी मुकुट घातलेला नसतो, तो मिळायचा असतो. इथे ‘क्राउन’ हे नामच आहे.

वाक्याचा सांगाडा

सर्वात जास्त लागणारी रचना ही: कुणीतरी, मग ‘क्राउन’, मग कुणाला, मग काय केलं. ‘दे क्राउन्ड हिम किंग.’ त्यांनी त्याला राजा केलं. कर्मणी करायचं तर ‘ही वॉज क्राउन्ड किंग.’ एवढंच. मराठीतून विचार करणारा विद्यार्थी यात तीन जादा शब्द घुसडतो, आणि प्रत्येकाचं कारण आपल्या भाषेत आहे.

पहिला जादा शब्द ‘टू’. आपण ‘त्याला’ म्हणतो, म्हणून ‘दे क्राउन्ड टू हिम’ लिहिलं जातं. इंग्रजीत इथला ‘ला’ शब्दाच्या जागेनेच कळतो. क्रियापदाच्या लगेच पुढे जो येतो, त्याच्या डोक्यावर मुकुट. ‘टू’ काढा.

दुसरा ‘अ‍ॅज’. ‘राजा म्हणून’ मधल्या ‘म्हणून’ची ही छाया. ‘क्राउन्ड अ‍ॅज किंग’ असं छापील इंग्रजीतही अधूनमधून दिसतं, त्यामुळे ते अगदी अक्षम्य नाही. पण चांगल्या लेखनात ‘अ‍ॅज’ नसतो आणि परीक्षेत तर तो नकोच. ‘सर, अ‍ॅज घालूया की, बरं वाटतंय’ असं मुलं म्हणतात. बरं वाटतं ते मराठी कानाला.

तिसरा ‘अ’. ‘ही वॉज क्राउन्ड अ किंग’ असं होत नाही. पद एकच असतं, तेव्हा त्याच्याआधी उपपद लागत नाही: ‘क्राउन्ड किंग’, ‘क्राउन्ड क्वीन’, ‘क्राउन्ड एम्परर’, ‘क्राउन्ड चॅम्पियन’. ‘विनर’ शब्दाआधी मात्र ‘द’ लावतात: ‘शी वॉज क्राउन्ड द विनर.’

संघ असेल तर शेवटचं नाम अनेकवचनी होतं. भारताने २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमधल्या ब्रिजटाउनला दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. बातमीचं वाक्य असं होईल: ‘इंडिया बीट साउथ आफ्रिका बाय सेव्हन रन्स अँड वेअर क्राउन्ड चॅम्पियन्स.’ ‘इंडिया’पुढे ‘वेअर’ ही ब्रिटिश पद्धत. ‘वॉज’ही चालतं, पण ‘चॅम्पियन्स’ला शेवटचा ‘स’ दोन्हीकडे राहतो. या वाक्यात आणखी एक गोष्ट पाहा. ७ धावांनी ‘हरवलं’, आणि मग ‘क्राउन्ड’ झाले. नुसता एखादा सामना जिंकल्यावर ‘क्राउन्ड’ म्हणत नाहीत. मालिका, स्पर्धा, किताब संपूर्ण हाती आल्यावर म्हणतात. कळसाचं सूत्र इथे थेट लागू पडतं.

म्हणूनच रौप्य आणि कांस्य यांना हे क्रियापद नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्याबद्दल लिहायचं तर ‘ही वन ब्राँझ’. पराक्रम केवढाही असो, ‘क्राउन्ड’ हा शब्द पहिल्या जागेसाठीच राखलेला आहे. उलट किताबाच्या कुस्तीला तो चपखल बसतो: ‘ही वॉज क्राउन्ड कर्नाटक केसरी.’ आनंदवाडीच्या आखाड्यातल्या मैदानाची इंग्रजीत बातमी लिहायची वेळ आली तर हा सांगाडा तसाच उचला.

कर्तरी प्रयोग कधी? मुकुट कुणी घातला हे महत्त्वाचं असेल तेव्हा. सुश्मिता सेन १९९४ मध्ये मनीलाला मिस युनिव्हर्स झाली: ‘शी वॉज क्राउन्ड मिस युनिव्हर्स.’ पुढच्या वर्षी तिने आपल्यानंतरच्या विजेतीच्या, अमेरिकेच्या चेल्सी स्मिथच्या डोक्यावर मुकुट ठेवला: ‘सुश्मिता सेन क्राउन्ड हर सक्सेसर.’ आणि स्वतःच स्वतःला घातला तर? नेपोलियनने २ डिसेंबर १८०४ रोजी पॅरिसच्या नोत्र-दामध्ये, पोप समोर असताना, मुकुट स्वतःच्या हाताने डोक्यावर ठेवला. ‘ही क्राउन्ड हिमसेल्फ एम्परर.’ तिथे ‘हिमसेल्फ’ गाळलं तर वाक्य अर्धवट पडतं.

कन्नडमधून इंग्रजीकडे येणाऱ्यांना इथे एक फायदा आहे. कन्नड वर्तमानपत्रांत क्रीडापानावर ‘प्रशस्ती मुडिगेरिसिकोंड’ असा मथळा नेहमी दिसतो. बक्षीस जिंकलं याला ‘किताब माथ्यावर चढवून घेतला’ असं म्हणायची ती रीत. कन्नडमध्ये चढवणारा आपणच, इंग्रजीत चढवणारं दुसरं कुणी, म्हणून तिथे कर्मणी. चित्र मात्र तेच. बेळगावच्या मुलांनी तिसरी भाषा ओझं न मानता अशी कामाला लावावी.

राज्याभिषेकाबद्दल लिहिताना

बेळगावची शिवजयंती, तिची चित्ररथ मिरवणूक आणि त्यातले राज्याभिषेकाचे देखावे यांचं इंग्रजीत वर्णन करायची वेळ महाविद्यालयातल्या मुलांवर हमखास येते. त्यामुळे इथे जरा थांबू.

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक रायगडावर ६ जून १६७४ रोजी झाला. इंग्रजीत रूढ वाक्य: ‘शिवाजी महाराज वॉज क्राउन्ड छत्रपती अ‍ॅट रायगड इन १६७४.’ ठिकाणाला ‘अ‍ॅट’, सालाला ‘इन’, तारीख दिली तर ‘ऑन’. हे वाक्य बरोबर आहे आणि निःशंक वापरावं. पण आपल्या विधीचा गाभा मुकुट नाही, अभिषेक आणि छत्र आहे. ‘छत्रपती’ या पदवीतच छत्र आहे. म्हणून एका ओळीच्या उत्तरात ‘क्राउन्ड’ लिहा, आणि देखाव्याचं सविस्तर वर्णन करत असाल तर पुढे दोन वाक्यांत जलाभिषेक, छत्र, सिंहासनारोहण वेगळं सांगा. सिंहासनावर बसण्याला ‘एन्थ्रोन्ड’ आहे, गादीवर आल्याला ‘असेंडेड द थ्रोन’ आहे. तीन वेगळ्या क्रियांना एकाच ‘क्राउन्ड’खाली कोंबलं की वर्णन फिकं होतं.

विशेष म्हणजे ब्रिटिश विधीतही अभिषेक आहे. तेल लावण्याचा तो विधी इतका पवित्र मानतात की ६ मे २०२३ रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला, तेव्हा तेवढा भाग पडद्याआड झाला, कॅमेऱ्यासमोर नाही. त्याला ‘अनॉइंट’ म्हणतात. त्यानंतर सेंट एडवर्डचा मुकुट डोक्यावर ठेवला, ते ‘क्राउन’.

याच चार्ल्सवरून ‘राजा होणे’ आणि ‘क्राउन्ड होणे’ यांतला फरक समजून घ्या. दुसरी एलिझाबेथ ८ सप्टेंबर २०२२ ला वारली त्याच क्षणी तो राजा झाला. मुकुट चढला पुढच्या वर्षी. खुद्द एलिझाबेथ ६ फेब्रुवारी १९५२ पासून राणी होती, ‘क्राउन्ड’ झाली २ जून १९५३ ला. आणि आठवा एडवर्ड १९३६ मध्ये वर्ष पुरं व्हायच्या आत गादी सोडून गेला. तो राजा होता, पण ‘ही वॉज नेव्हर क्राउन्ड.’ म्हणून ‘ही बिकेम किंग’ आणि ‘ही वॉज क्राउन्ड’ यांच्या तारखा एकमेकांच्या जागी टाकू नका.

स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत सर्रास सापडणारी एक चूकही इथेच सांगतो: ‘पाचव्या जॉर्जचा राज्याभिषेक १९११ ला दिल्लीत झाला.’ नाही. त्याचा राज्याभिषेक २२ जून १९११ रोजी लंडनला, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत झाला. १२ डिसेंबरला दिल्लीत भरला तो दरबार. त्यात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवल्याची घोषणा झाली. दरबारात तो मुकुट घालून आला, तिथे त्याला कुणी तो घातला नाही. इंग्रजीत ‘वोअर द क्राउन’ आणि ‘वॉज क्राउन्ड’ हे भेद असेच उपयोगी पडतात.

विधीचं नाम ‘कॉरोनेशन’. त्यावरून पाडलेलं ‘कॉरोनेट’ हे क्रियापद कुठे कुठे आढळतं, पण ते वापरू नका. ‘क्राउन’ असताना त्याची गरज नाही आणि शिक्षक तांबडी रेघ मारतील.

फेटा, माळ, बाशिंग: इथे ‘क्राउन’ नको

आपल्याकडे मानाच्या कितीतरी गोष्टी डोक्यावर किंवा गळ्यात येतात, आणि विद्यार्थी त्या सगळ्यांना ‘क्राउन्ड’ लावून मोकळा होतो. गावच्या कार्यक्रमात पाहुण्याला फेटा बांधला. ‘द गेस्ट वॉज क्राउन्ड’ लिहिलं तर परक्या वाचकाला पाहुण्याला राजा केल्यासारखं वाटेल. ‘अ फेटा वॉज टाइड ऑन हिज हेड’ असं सरळ लिहा, किंवा सत्कार झाला एवढंच सांगायचं तर ‘ही वॉज फेलिसिटेटेड’ किंवा ‘ऑनर्ड’.

‘महापौरपदाची माळ अमुक यांच्या गळ्यात’ हा मथळा बेळगावात दर निवडणुकीला दिसतो. इंग्रजीत तिथे माळही नाही आणि मुकुटही नाही: ‘वॉज इलेक्टेड मेयर’. ग्रामपंचायतीच्या अध्यक्षालाही तेच. मंत्री, मुख्यमंत्री शपथ घेतात, त्यांना ‘स्वोर्न इन’. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला ‘क्राउन्ड’ म्हटलं की टोमणा मारल्यासारखं होतं, ही गोष्ट अर्जात, अहवालात, बातमीत फार जपायला हवी.

नवरदेवाचं बाशिंग, नवरीच्या मुंडावळ्या यांनाही ‘वोअर’ पुरे. ग्रीक ऑर्थोडॉक्स लग्नात वधूवरांच्या डोक्यावर खरोखर मुकुट ठेवतात, तिथे ‘द कपल इज क्राउन्ड’ म्हणतात. आपल्या लग्नाचं वर्णन करताना तो शब्द वापरला तर वाचक तिकडे जाईल. ‘मानाचा तुरा’ खोवला गेला तर इंग्रजीत ‘अ फेदर इन हर कॅप’. ते निराळं रूप आहे, त्यात क्रियापद ‘क्राउन’ येत नाही.

माथ्यावर बसणारं सगळं

आता माणसं सोडून जागांकडे वळू. टेकडीच्या माथ्यावर किल्ला, इमारतीवर घुमट, डोंगरावर धुकं: या सगळ्याला ‘क्राउन’ चालतं. ‘राजहंसगड क्राउन्स द हिल नियर येळ्ळूर.’ येळ्ळूरजवळच्या टेकडीचा माथा राजहंसगडाने व्यापलाय. उलटून म्हणायचं तर ‘द हिल इज क्राउन्ड विथ अ फोर्ट’ किंवा ‘बाय अ फोर्ट’. चोर्ल्याच्या घाटात पावसाळी सकाळी दिसतं ते: ‘मिस्ट क्राउन्ड द हिल्स.’

‘विथ’ की ‘बाय’ हा प्रश्न मुलं नेहमी विचारतात. माणूस मुकुट घालणारा असेल तर ‘बाय’: ‘क्राउन्ड बाय द आर्चबिशप’. जी वस्तू वर ठेवली तिच्यासाठी ‘विथ’: ‘क्राउन्ड विथ फ्लॉवर्स’. डोंगर, इमारत असल्या जागी दोन्ही बसतात. हे वर्णनाचं, लेखी इंग्रजी आहे हे ध्यानात ठेवा. मित्राला पत्ता सांगताना ‘देअर इज अ फोर्ट ऑन टॉप’ म्हणतात.

हीच गोष्ट ‘क्राउन्ड विथ सक्सेस’ची. ‘आवर एफर्ट्स वेअर क्राउन्ड विथ सक्सेस’ म्हणजे आमच्या प्रयत्नांना यश आलं. निबंधात, मुख्याध्यापकांच्या अहवालात, निरोपाच्या भाषणात शोभतं. बोलताना ते जड वाटतं, तिथे ‘आवर एफर्ट्स पेड ऑफ’ म्हणा. कर्ता नेहमी ‘एफर्ट्स’, ‘वर्क’, ‘स्ट्रगल’ असा हवा. ‘आय वॉज क्राउन्ड विथ सक्सेस’ व्याकरणात बसतं, पण कानाला स्वस्तुती वाटते.

‘दुष्काळात तेरावा महिना’

या क्रियापदाचा बोलीतला सर्वात जिवंत वापर म्हणजे ‘टू क्राउन इट ऑल’. एकामागून एक अडचणी सांगत यायचं आणि शेवटची, सगळ्यांवर कडी करणारी अडचण सांगण्याआधी हे म्हणायचं. आपण ‘आणि कळस म्हणजे’, ‘दुष्काळात तेरावा महिना म्हणजे’ म्हणतो, अगदी तीच जागा.

‘द खानापूर बस वॉज लेट, इट स्टार्टेड टू रेन, अँड, टू क्राउन इट ऑल, आय हॅड लेफ्ट माय हॉल टिकेट अ‍ॅट होम.’ बस उशिरा, पाऊस सुरू, आणि कळस म्हणजे हॉल तिकीट घरीच राहिलं.

वापरताना चार गोष्टी पाळा. आधी निदान दोन घटना हव्यात, एकाच घटनेवर कळस चढत नाही. हे शब्द शेवटच्या घटनेच्या आधी येतात, नंतर नाही. ‘इट ऑल’ बदलत नाही. घटना अनेक असल्या म्हणून ‘देम ऑल’ होत नाही. आणि ‘क्राउन’ला काळाचा प्रत्यय लागत नाही, सगळी हकीकत भूतकाळात असली तरी ‘टू क्राउन’च. हा ब्रिटिश वळणाचा प्रयोग आहे, अमेरिकेत बहुधा ‘टू टॉप इट ऑल ऑफ’ ऐकाल. चांगल्या गोष्टींच्या मालिकेलाही तो क्वचित लावतात, पण शिकणाऱ्याने आधी वाईट बातम्यांवर हात बसवावा. ऐकणाऱ्याला अपेक्षा तीच असते.

‘क्राउनिंग’ हे विशेषण

‘आयएनजी’ लागून झालेलं ‘क्राउनिंग’ मोजक्याच नामांपुढे येतं: ‘क्राउनिंग अचीव्हमेंट’, ‘क्राउनिंग मोमेंट’, ‘क्राउनिंग ग्लोरी’. एखाद्याच्या आयुष्यातलं शिखरकार्य सांगायला पहिलं उत्तम. पण ते एकच असतं. ‘वन ऑफ हिज क्राउनिंग अचीव्हमेंट्स’ लिहिणं म्हणजे एका शिखरावर चार कळस मांडणं. शेवटचं, ‘क्राउनिंग ग्लोरी’, बाईच्या सुंदर केसांबद्दल फार वापरतात. केस माथ्यावर असतात, म्हणून. ‘अनक्राउन्ड किंग’ म्हणजे पद नसताना ज्याचा शब्द चालतो असा माणूस, बिनमुकुटाचा राजा. मराठी आणि इंग्रजी दोन्हीकडे हे सारखंच, तेव्हा त्यावर जास्त वेळ घालवू नका.

दवाखान्यात आणि कामावर

दाताचं रूट कॅनल झालं की वर जी ‘कॅप’ बसवतात, तिला डॉक्टर ‘क्राउन’ म्हणतात. क्रियापदही तेच: ‘द डेंटिस्ट क्राउन्ड माय मोलर.’ रुग्णाने बोलताना मात्र करवून घेण्याची रचना वापरावी: ‘आय हॅड माय मोलर क्राउन्ड.’ दाढेला कॅप बसवून घेतली. ‘आय क्राउन्ड माय मोलर’ म्हटलं तर तुम्हीच आरशासमोर बसून ती बसवली असा अर्थ होतो. ‘हॅव’ अधिक वस्तू अधिक भूतकाळी धातुरूप हा सांगाडा केस कापून घेणं, गाडी दुरुस्त करून घेणं सगळीकडे चालतो, त्यामुळे इथे शिकलेलं वाया जात नाही.

नर्सिंगच्या विद्यार्थिनींनी पुढचा भाग नीट वाचावा, कारण इथे गैरसमज परवडत नाही. प्रसूतीत बाळाचं डोकं बाहेर दिसू लागतं आणि कळ ओसरली तरी परत आत जात नाही, त्या अवस्थेला ‘क्राउनिंग’ म्हणतात. ‘द बेबी इज क्राउनिंग’ किंवा ‘द हेड इज क्राउनिंग’. इथे क्रियापद अकर्मक आहे, म्हणजे कुणी कुणाला काही घालत नाही. ‘द बेबी इज क्राउन्ड’ असं कधी लिहायचं नाही. या क्षणी आईला बहुतेक वेळा जोर थांबवून भराभर छोटे श्वास घ्यायला सांगतात, डोकं हळू बाहेर यावं म्हणून. परदेशी नोकरीसाठी इंग्रजीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलींनी हे वाक्य मोठ्याने म्हणून पाठ करावं. कामाच्या खोलीत ते घाईत, अर्धवट ऐकू येणार आहे.

बेळगाव हे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्य ठाणं, त्यामुळे स्थापत्यची मुलं इथे भरपूर. त्यांच्यासाठी: पावसाचं पाणी दोन्ही कडांना वाहून जावं म्हणून रस्ता मधे किंचित उंच ठेवतात. डांबरी रस्त्याला हा उतार साधारण २ ते २.५ टक्के. ‘द रोड इज क्राउन्ड सो दॅट वॉटर ड्रेन्स टू द साइड्स.’ आपण त्याला ‘कॅम्बर’ म्हणतो, तेही बरोबर. अमेरिकी पुस्तकांत ‘क्राउन’ जास्त भेटेल.

ड्राफ्ट्सच्या खेळात सोंगटी समोरच्या शेवटच्या रांगेत पोहोचली की तिच्यावर दुसरी सोंगटी ठेवून तिला राजा करतात, तिथेही ‘क्राउन’. आणि बोलीत ‘क्राउन’चा अर्थ डोक्यात हाणणे असाही आहे: ‘शी क्राउन्ड हिम विथ अ पॅन.’ तिने त्याच्या डोक्यात तवा घातला. जुन्या वळणाच्या गोष्टींत भेटेल. ओळखता आला की पुरे, स्वतः वापरायची गरज नाही.

सराव कसा करायचा

मराठी वर्तमानपत्राचं क्रीडापान आणि स्थानिक पान घ्या. ‘विजेतेपद’, ‘किताब’, ‘माळ’, ‘तुरा’, ‘फेटा’, ‘कळस’, ‘यश’ असा शब्द असलेला मथळा शोधा. मग क्रमाने विचारा. पहिली जागा किंवा अख्खा किताब मिळालाय का? नसेल तर ‘क्राउन’ बाद. मिळाला असेल तर मिळवणारा एक की संघ? त्यावरून ‘चॅम्पियन’ की ‘चॅम्पियन्स’ ठरवा. निवडणूक किंवा सत्कार असेल तर दुसरं क्रियापद. अडचणींची यादी असेल तर ‘टू क्राउन इट ऑल’. वाक्य लिहून झाल्यावर ‘टू’, ‘अ‍ॅज’, ‘अ’ हे तीन पाहुणे शिरले नाहीत ना, ते तपासा. मग वाक्य मोठ्याने म्हणा आणि ‘क्राउन्ड’ एकाच ठोक्यात येतंय का ते ऐका.

सुरुवातीला ही पाच वाक्यं करून पाहा. आधी उत्तर झाकून ठेवा.

खानापूरचा संघ जिल्ह्यात अजिंक्य ठरला. उत्तर: ‘द खानापूर टीम वेअर क्राउन्ड डिस्ट्रिक्ट चॅम्पियन्स.’

तिला स्पर्धेत दुसरं बक्षीस मिळालं. उत्तर: ‘शी वन द सेकंड प्राइज.’ इथे ‘क्राउन’ नाही.

माझ्या दोन दाढांना कॅप बसवून घ्यायची आहे. उत्तर: ‘आय नीड टू हॅव टू मोलर्स क्राउन्ड.’ दोन्ही ‘टू’ वेगळे आहेत, स्पेलिंग जपा.

राज्याभिषेकाच्या कितीतरी आधीपासून ते राज्य करत होते. उत्तर: ‘ही हॅड रूल्ड लाँग बिफोर ही वॉज क्राउन्ड.’ पद पुन्हा सांगायची गरज नसेल तर ‘क्राउन्ड’वरच वाक्य थांबतं.

निपाणीला गाडी बंद पडली, मोबाइलची बॅटरी संपली आणि कळस म्हणजे मेकॅनिकचं दुकान बंद होतं. उत्तर: ‘द कार ब्रोक डाउन अ‍ॅट निपाणी, माय फोन डाइड, अँड, टू क्राउन इट ऑल, द मेकॅनिक्स शॉप वॉज क्लोज्ड.’ ‘टू क्राउन इट ऑल’च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम द्या. बोलतानाही तिथे किंचित थांबतात.